बांगडीच्या घरातली हजेरी

कोंडशेत नगरपंचायतीच्या बागेतला कारंज्याचा पंप, आत राहणाऱ्या अळ्यांना बरोबर ओळखून पुकारल्याशिवाय चालू होत नाही. वीज लागतेच, पण ती नंतर.

गेली सव्वीस वर्षं त्या अळ्या मी ओळखते. माझं नाव इंदुमती साबळे, पद अळी निरीक्षक, वर्ग तीन. हे पद जिल्ह्यात दुसरीकडे कुठे नाही. राज्यात असेल तर मला अजून कुणी कळवलेलं नाही, आणि कळवलं तरी त्यांचा पंप आमच्यासारखा असेल असं मला वाटत नाही.

पंप नवीन आला तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. चार महिने सुरळीत चालून एक दिवस तो बसला. वायरमन आला, बघून गेला. मोटर भरून आणली. पंप दुकानात नेला तर तिथे खणखणीत चालायचा, तळ्यात सोडला की गप्प. शेवटी त्या वेळचे माळी खाशाबा लोहार फिल्टरचा स्पंज पिळत बसले होते आणि सवयीप्रमाणे आपल्याशीच बोलत होते, "ही चतुराची, ही डासाची, आन् ही लाल कोण, हां, रक्तअळी." तेवढ्यात शेजारी ठेवलेला पंप घुरघुरला. नगरपंचायतीने पुढच्याच सभेत ठराव केला आणि खाशाबांना रोज सकाळी साडेआठला बोलायला लावलं. ते निवृत्त झाल्यावर जाहिरात निघाली. मुलाखतीला माझ्यासमोर बशीत तीन अळ्या ठेवल्या होत्या. मी चार ओळखल्या. चौथी बशीच्या बुडाला चिकटली होती, ती मुलाखत घेणाऱ्यांनाच दिसली नव्हती.

काम अवघड नाही, पण नजर लागते. पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत तळ्याचंच पाणी घ्यायचं, त्यात स्पंज हलकेच पिळायचा आणि थोडं थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. घाईने बघणाऱ्याला थाळीत नुसता गाळ दिसतो. मग गाळ हलायला लागतो. शेवटाला तीन पानांसारखी शेपटं असली तर ती टाचणीची, म्हणजे चतुराच्या सडपातळ भावंडाची अळी. शेपटं नसून अंग आखूड, रुंद असेल आणि खालचा जबडा हातासारखा पुढे फेकत असेल तर चतुराची. डोकं खाली करून तिरकी लटकते ती साध्या डासाची, पाण्याला समांतर पडून राहते ती हिवतापाच्या डासाची. पंपाच्या तोंडाशी जिथे पाण्याला ओढ असते तिथे मागचा भाग जाळीला चिकटवून, डोक्यावरचे दोन पंखे उघडून उभ्या राहतात त्या पंखेवाल्या. रक्तअळी लाल असते, तिला ओळखण्यात काही शहाणपण नाही, असं मी पूर्वी म्हणायचे.

आणि घरबांध्या. या वाळूचे कण, काटक्या, बियांची टरफलं आपल्या लाळेच्या धाग्याने जोडून अंगाभोवती नळीसारखं घर बांधतात आणि ते ओढत फिरतात. जाळीच्या कोपऱ्यात त्यांची अख्खी आळी असते.

पुकारण्याचे नियम दोनच. पहिला, ज्यांना घर नाही त्यांना जमातीने एकदाच पुकारायचं, आणि ज्याला स्वतःचं घर आहे त्याला एकेकट्याने, घराच्या खुणेसकट. दुसरा, हजेरीच्या रजिस्टरमध्ये एकदा नाव चढलं की दुसऱ्या दिवसापासून ते उडून जाईपर्यंत रोज पुकारायचं. उडून गेल्यावर मी 'उडाली' असा शेरा मारून सही करते. एखादी खाल्ली गेली तर 'चतुराकडे वर्ग' असं लिहिते. मध्येच नाव खोडायचं नाही. एकदा एका प्रभारी मुख्याधिकाऱ्यांनी यादी लांबली म्हणून दोन नावं खोडली होती, तर कारंजं दोन दिवस आतल्या बाजूला उडत होतं.

सव्वीस वर्षांत माझ्याकडून एक अळी चुकली नव्हती. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांना मी सांगत असे. गर्व म्हणा. मला त्याची लाज नाही. रोज सकाळी माझा आवाज तळ्यावरून गेला की पंपचालक हसनभाई मुलाणी बटण दाबायचे, कारंजं वीस फूट वर जायचं, आणि फिरायला आलेली माणसं घड्याळं लावून घ्यायची.

यंदा बागेला पन्नास वर्षं झाली. त्याच सुमारास नवे मुख्याधिकारी राजाध्यक्ष साहेब रुजू झाले. माणूस सभ्य, बोलणं मऊ, दर वाक्याला मॅडम. त्यांनी आल्या आल्या रजिस्टर वाचलं आणि मला बोलावून घेतलं.

"मॅडम, हल्ली सीलबंद पंप मिळतात. त्यांच्या जाळीतून काही आत जात नाही. पुकारण्याचा प्रश्नच नाही."

"म्हणजे त्यात कोणीच राहत नाही?" मी विचारलं.

"कोणीच नाही."

हसनभाई दाराशी उभे होते. ते म्हणाले, "मग तो चालवायचा कुणासाठी, साहेब?"

साहेबांनी या प्रश्नाची नोंद करून घेतली. पण सीलबंद पंप मागवलाच. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी जुना पंप नीट चालला तर तो राहील, नाही चालला तर त्याच जागी नवा बसेल आणि जुन्या फिल्टरमधला सगळा ऐवज मागच्या गटारात रिकामा होईल, असा लेखी आदेश त्यांनी काढला. गटारात कुणी जगत नाही. चतुर तर दोन दिवससुद्धा नाही. मला आणि हसनभाईंना जन्ममृत्यू विभागात टेबल मिळणार होतं, पण आमचं काय एवढं.

मी म्हटलं, "पंप चालेल साहेब. माझी हमी."

कार्यक्रमाची पत्रिका छापली. नगराध्यक्षा भोईटे वहिनींची सूचना होती की रहिवाशांची नावं पत्रिकेत आलीच पाहिजेत, कुणाचं राहिलं तर उगाच मानपान होतं. त्यामुळे 'विनीत' या शब्दाखाली सगळी जमातवार आणि घरवार नावं मी लिहून दिली. सगळ्यात खाली, लग्नपत्रिकेत लहान मुलांच्या नावाने असते तशी ओळ टाकली, 'आमच्या कारंज्याला यायचं हं! सर्व डासअळ्या.' पत्रिका फार सुरेख झाली. मी घरी काचेखाली ठेवली आहे.

घरबांध्यांच्या यादीत पहिलं नाव बांगडीच्या घराचं होतं. त्या घराची हकिकत सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात पंपाच्या तोंडात हात घालताना माझी एक हिरवी बांगडी फुटली. तुकडे वेचले, पण भाताच्या शितापेक्षा बारीक असा एक तुकडा आतच राहिला. पुढच्या वर्षी पाहते तर एका घरबांधीने तो आपल्या दाराच्या कमानीला बसवलेला. ती उडून गेल्यावर दुसरीने तो काढून आपल्या घराला लावला. तेव्हापासून दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या दारावर माझी बांगडी असते. थाळीत तो हिरवा ठिपका चमकला की मला आपल्या माणसाच्या घरावरून गेल्यासारखं वाटतं. ही गोष्ट मी हसनभाईंशिवाय कुणालाच सांगितली नव्हती.

यंदाची बांगडीवाली कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी दार लावून कोषात गेली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मी नारळी काठाचं इरकल नेसले. तेही हकिकतीत आलं पाहिजे, कारण चूक तिथेच झाली. थाळी मांडली, स्पंज पिळला, थांबले, एकेक बघून रजिस्टरमध्ये खूण केली. बांगडीचं घर थाळीच्या पलीकडच्या काठाला होतं. ते उलटून दार बघायचं तर वाकावं लागलं असतं आणि पदर भिजला असता. हिरवा ठिपका लांबूनच दिसला. दार बंद असणार हे मला माहीत होतं. मी खूण केली आणि सगळ्यांना फिल्टरमध्ये परत सोडलं.

दहा वाजता तळ्याभोवती अर्धं गाव जमलं होतं. शाळेची मुलं ओळीत, बायका कठड्यावर, बँडवाले झाडाखाली. स्टेजच्या मागे खोक्यात सीलबंद पंप होता आणि खोक्यावर तो बसवायला आलेला एक मनुष्य बसला होता. भोईटे वहिनींनी नारळ फोडला. मी माइक घेतला आणि पुकारायला सुरुवात केली. चतुराच्या अळ्या. टाचणीच्या अळ्या. डासअळ्या, साध्या. डासअळ्या, हिवतापाच्या. पंखेवाल्या. रक्तअळ्या. मग घरबांध्या, एकेक करून. बांगडीचं घर, चिंचोक्याचं घर, तीन काटक्यांचं घर, अशी एकोणीस घरं. माझा आवाज त्या दिवशी असा लागला होता की मलाच ऐकत राहावंसं वाटलं.

वहिनींनी बटण दाबलं. पंप चालला नाही.

मी पुन्हा पुकारलं. पुन्हा बटण. काही नाही. बँडवाल्यांपैकी कुणीतरी चुकून एक ठोका दिला आणि थांबला.

हसनभाई माझ्या कानाशी आले. "बाई, कोनतरी ऱ्हायलंय."

"माझ्याकडून राहत नाही, हसनभाई."

"ते खरं. पन कोनतरी ऱ्हायलंय."

राजाध्यक्ष साहेब स्टेजच्या पायरीवर येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, मी पंचवीस मिनिटं देऊ शकतो. त्यानंतर आदेशाप्रमाणे करावं लागेल. मला वाईट वाटेल." त्यांचा चेहरा बघता खरंच वाटलं असतं. खोक्यावरचा मनुष्य उठून उभा राहिला होता.

टेबल स्टेजवर घेतलं, फिल्टर वर काढला, थाळी मांडली. सगळ्या गावासमोर मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. भिंग लावून शेपटं मोजली. पंखेवाल्यांचे पंखे बघितले. डासअळ्यांचा लटकण्याचा कोन बघितला. झाकणाच्या कोपऱ्यात ड्रॉपर घालून साचलेलं पाणी काढलं, त्यातही ओळखीचेच. वीस मिनिटं गेली. जे लिहिलं होतं ते सगळं बरोबर होतं.

"ते न्हाई बघितलं," हसनभाई म्हणाले. ते बांगडीच्या घराकडे बघत होते.

"ते बंद आहे."

"सकाळी हात लावून बघितलंत?"

मी पदर खोचला, खाली वाकले आणि कुंचल्याच्या टोकाने ते घर हळूच उलटं केलं. दार उघडं होतं. दाराच्या कडा कुरतडलेल्या होत्या, आतून बाहेर. आमची बांगडीवाली पहाटे कधीतरी उडून गेली होती आणि मी तिला लांबून हजर लावलं होतं.

थोडं थांबले. थांबणं महत्त्वाचं. दारातून एक लाल डोकं बाहेर आलं, पाण्याला अंदाजाने हात लावावा तसं हललं आणि आत गेलं. परत आलं. रक्तअळी. रिकामं घर बघून राहायला आलेली. ज्यांना घर नाही त्यांच्यात मी तिला पुकारलं होतं, आणि तिला तर आता घर होतं. ती का म्हणून ओ देईल?

माझ्या डोळ्यांपुढे सव्वीस वर्षं आली असं मी म्हणणार नाही. फक्त स्वच्छ रजिस्टर आलं, ज्यात चुकीचं एकही लाल अक्षर नाही. बाहेरच्या ऑडिटवाल्यांनी ते चाळून 'असं रजिस्टर पाहिलं नाही' असा शेरा मारला होता. तो शेरा मला तोंडपाठ आहे. पुकारणं बदलायचं म्हणजे आधी रजिस्टर बदलायला हवं, आणि रजिस्टर बदलायचं म्हणजे कारण लिहायला हवं. थाळीत एक टाचणीची अळी आपली तीन शेपटं पसरून निवांत पडली होती. तिला आदेशाची कल्पना नव्हती.

मी माइक घेतला.

"मंडळी," मी म्हटलं, "माझी चूक झाली आहे. बांगडीच्या घराची मालकीण पहाटे उडाली. तिथे आता रक्तअळी राहते. मी सकाळी दार उघडून बघितलं नाही. साडी भिजेल म्हणून बघितलं नाही."

कठड्यावर बसलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "खरं बोलली बाई." दुसरीने विचारलं, "साडी कुठली?" पहिलीने सांगितलं, इरकल.

साहेबांनी माइकवर हात ठेवला. "मॅडम, तोंडी सांगितलंत, पुष्कळ झालं. रजिस्टर खराब करू नका. आपण स्वतंत्र कागद जोडू."

"पंप कागद वाचत नाही, साहेब," मी म्हटलं.

मालकिणीच्या नावापुढे 'उडाली' असं लिहून सही केली. मग लाल पेन घेतलं. पानावर जागा उरली होती ती यादीच्या अगदी खाली, एकोणिसाव्या घराच्या पुढच्या ओळीत. तिथे लिहिलं, 'बांगडीचं घर, राहणार रक्तअळी. सकाळची चूक माझी.' आणि त्याखालच्या ओळीत पूर्ण नाव लिहिलं, इंदुमती साबळे. सही न करता नाव लिहिलं, कारण सही कुणाला वाचता येत नाही आणि चूक कुणाची ते वाचता आलं पाहिजे.

फिल्टर परत बसवला. सगळ्यांना पुन्हा पुकारलं, एकूण एक. शेवटी म्हटलं, "बांगडीच्या घरातली रक्तअळी."

वहिनींनी बटण दाबलं नव्हतं. त्या हात पुढे करत होत्या, तेवढ्यात पंप घुरघुरला आणि कारंजं वर गेलं. वीस फुटांच्या खुणेवरून गेलं, आंब्याच्या शेंड्यावरून गेलं, आणि स्टेजवर, पाहुण्यांवर, पत्रिकेवर, माझ्या इरकलावर धो धो पडलं. बँड वाजायला लागला. खोक्यावरचा मनुष्य परत बसला. माझी साडी चिंब झाली होती आणि मला इतका अभिमान वाटत होता की तेवढा त्या ऑडिटच्या शेऱ्यानेही वाटला नव्हता. रक्तअळीचा वाटत होता, ती न बोलता अडून बसली म्हणून. पंपाचा वाटत होता. आणि खरं सांगायचं तर माझाही.

राजाध्यक्ष साहेब भिजलेल्या केसांनी माझ्याकडे आले. "सीलबंद पंप परत पाठवतो," ते म्हणाले. "कारण काय लिहू?"

"जागा रिकामी नाही, असं लिहा."

त्यांनी तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला साध्या साडीत हजर झाले. थाळी मांडली, वाकले, प्रत्येक घर उलटून दार बघितलं. यादीप्रमाणे सगळ्यांना पुकारलं, शेवटी बांगडीच्या घरातली रक्तअळी. हसनभाईंनी बटण दाबलं.

पंप चालला नाही.

मी पुन्हा थाळी मांडली. पुन्हा सगळं बरोबर. फिरायला आलेली माणसं हातातली घड्याळं धरून उभी होती. राजाध्यक्ष साहेबही आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

"द्या इकडं," हसनभाई म्हणाले. त्यांनी रजिस्टर घेतलं, चष्मा लावला आणि वरपासून एकेका नावावर बोट ठेवत खाली येऊ लागले. चतुर. टाचणी. पंखेवाल्या. एकोणीस घरं. मग लाल शाईच्या दोन ओळी. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पंपाकडे, आणि घसा साफ केला. वीस वर्षांत त्यांनी मला बाई सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"इंदुमती साबळे!"

शाळेत असताना म्हणायचे तसं माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हजर."

पंप घुरघुरला. कारंजं वर गेलं. माणसांनी घड्याळं लावून घेतली.

राजाध्यक्ष साहेब काही वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी वही काढली. "हे किती दिवस चालेल?"

"नियम हाय, साहेब," हसनभाई म्हणाले. "उडून जाईस्तवर."

"मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतात."

"निवृत्त म्हंजे उडाल्या न्हाईत. नाव खोडता येत न्हाई."

साहेबांनी मान हलवली. मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, "आणि पुकारायचं कसं? जमातीत, की एकेकट्याने? म्हणजे, घर असलेल्यांत धरायचं की नसलेल्यांत?"

मी काही बोलणार, तोच हसनभाईंनी रजिस्टर मिटून काखेत धरलं.

"घर असलेल्यांत," ते म्हणाले. "दारावरची बांगडी बाईंचीच हाय."

साहेबांनी तशी नोंद केली.